मेळघाटात कोलकासला मुक्काम करून आजूबाजूचं जंगल फिरायचंय? मग हे आधी वाचा

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या मित्रांचे फोन चालू होतात, कारण मी मूळचा अमरावतीचा आणि त्यामुळे मेळघाट म्हणजे आपल्या घराचं परसदारच असं सगळ्यांना वाटतं. आणि प्रत्येकाचा प्लॅन जवळपास सेमच असतो, "चिखलदऱ्याला हॉटेल घेतलंय, पहाटे शहानूरची सफारी करू, दुपारी कोलकासला नदीवर जाऊ, येताना नरनाळा बघू." बाप्पा रे! मॅपवर हे सगळं एकमेकांना चिकटून दिसतं, प्रत्यक्षात मधे सातपुड्याचे डोंगर, घाटाची वळणं आणि गेटच्या वेळा आहेत. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं नुसतं गाभा क्षेत्रच साधारण 1500 चौरस किमी आहे आणि भोवतीचा बफर पट्टा त्याहून थोडा कमी, पण वेगळा. त्यामुळे "मेळघाट केलं" असं दोन दिवसांत होत नसतं. एक ठिकाण पकडायचं आणि त्याच्या आजूबाजूचं नीट बघायचं, मी सगळ्यांना हेच सांगतो. पहिल्यांदा जात असाल तर ते ठिकाण कोलकास, म्हणजे सिपना नदीवरचं जंगलातलं विश्रामगृह, असावं असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून खालचं सगळं कोलकास धरून लिहिलंय.

१. आधी कोणतं गाव कुठे आहे ते समजून घ्या

अमरावतीहून परतवाडा साधारण 50 किमी. परतवाडा म्हणजे जुन्या अचलपूरला चिकटलेलं बाजारगाव, इथपर्यंत सपाट वऱ्हाड. इथून रस्ते फुटतात. एक धामणगाव गढीवरून वर चिखलदऱ्याला जातो, दुसरा घटांगवरून सेमाडोह, कोलकास, हरिसाल आणि पुढे धारणीला. शहानूर आणि नरनाळा किल्ला ही अकोला जिल्ह्यात अकोटच्या बाजूची गोष्ट, म्हणजे डोंगराच्या दक्षिणेकडची. कोलकासला राहून शहानूरची सकाळची सफारी बुक करणारे लोक दरवर्षी भेटतात, ऑनलाइन फॉर्मवर दोन्हीकडे "मेळघाट" लिहिलेलं असतं ना, म्हणून. बुक करताना गेटचं नाव वाचा, मग पैसे भरा.

चिखलदरा हे विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण, हॉटेलं, पॉइंट, मक्याची कणसं, घोडे, सगळं आहे. सेमाडोह हे सिपना नदीकाठचं गाव, तिथे वनविभागाचं मोठं संकुल आहे, कॉटेज आणि डॉर्मिटरी, ग्रुपला ते बरं पडतं. कोलकास सेमाडोहच्या पुढे साधारण 15 किमी, मेन रोडपासून थोडं आत, सिपनेच्या वळणावर उंचवट्यावर विश्रामगृह. गाव नाही, दुकान नाही. व्हरांड्यात बसलं की खाली नदी आणि समोर सागाचं जंगल. एवढंच आहे, आणि हे एवढंच पुरेसं वाटणार नसेल तर चिखलदऱ्यालाच रहा, त्यात कमीपणा काही नाही.

२. कधी जायचं

1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. पावसाळ्यात जायचंच असेल तर चिखलदरा, तिथले धबधबे आणि धुकं, त्याला तोड नाही, पण मग जंगल सफारीची आशा ठेवू नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला जंगल हिरवंगार, गवत माणसाच्या उंचीचं, प्राणी दोन हातांवर असला तरी दिसत नाही. पण नदी भरलेली असते आणि घाटात सीताफळं मिळतात. डिसेंबर-जानेवारीला कडाक्याची थंडी, पारा दहाच्या खाली जातो, उघड्या जिप्सीत पहाटे कानाला झिणझिण्या येतात, तेव्हा माकडटोपीची लाज वाटून घेऊ नका. मार्चला पळस फुलतो, मोहाचा वास सुटतो. एप्रिल-मेमध्ये साग पूर्ण नागवा होतो, सिपनेत वाहतं पाणी राहत नाही, ठिकठिकाणी डोह उरतात आणि जनावरं त्याच पाण्यावर येतात. प्राणी दिसायचे तर हाच काळ, पण दुपारचं ऊन वऱ्हाडी असतं हे लक्षात ठेवा, लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर फेब्रुवारी-मार्चच बरा.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढायचा निसर्गानुभव वनविभाग ठेवतो. त्याचं बुकिंग वेगळं असतं आणि लगेच भरतं. रात्रभर गप्प बसायची तयारी असेल तरच नाव द्या, शेजारच्या मचाणावरचा माणूस वेफर्सचं पाकीट फोडतो तेव्हा काय वाटतं ते बसल्यावरच कळतं.

३. बुकिंग आणि कागदपत्रं

खोली आणि सफारी ही दोन वेगवेगळी बुकिंग आहेत. खोली मिळाली म्हणजे सफारी मिळाली असं नाही आणि उलटंही नाही. दोन्ही व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरून करा, "आमची ओळख आहे, करून देतो" म्हणणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका. शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळ सुट्ट्या लवकर जातात, मधल्या वारी गेलात तर खोली पण मिळते आणि शांतता पण.

सोबत हे ठेवा:

- ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच मूळ ओळखपत्र, प्रत्येक माणसाचं. मोबाईलमधला फोटो दाखवून काम होईलच असं नाही
- बुकिंगच्या पावतीचा प्रिंट, दोन कॉप्या. तिथे नेट नसतं, ईमेल उघडत बसाल
- गाडीची आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स
- परदेशी पासपोर्टवाला पाहुणा असेल तर त्याचा पासपोर्ट, आणि त्याचे दर वेगळे असतात ते आधी बघून घ्या
- सुट्टे पैसे. गाइड, जेवण, चहा, गावातली खरेदी, सगळीकडे रोख लागते. यूपीआयच्या भरवशावर रेंजच नसलेल्या जागी जाणारे हुशार लोक मी पाहिलेत

४. पोचायचं कसं

मुंबईहून रात्रीची अमरावती एक्सप्रेस किंवा हावडा लाइनवरची बडनेऱ्याला थांबणारी गाडी घेऊन बडनेरा, हे अमरावतीजवळचं जंक्शन. पुण्याहून खाजगी बस भरपूर. अमरावतीहून परतवाड्याला एसटी सतत आहेत आणि परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एसटी सेमाडोहवरून जाते. कोलकासचा फाटा कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा, आणि दिवसाच उतरा, फाट्यापासून आत न्यायला कुणी येईल का हे आधी फोनवर बोलून घ्या. एकट्यानं बॅगा घेऊन चालत निघू नका, तो रस्ता अस्वलांचाही आहे.

स्वतःची गाडी असेल तर परतवाड्यात तीन कामं करा. टाकी फुल, एटीएममधून पैसे, आणि घरी फोन करून सांगा की आता दोन दिवस फोन लागेलच असं नाही. औषधं, मुलांचं दूध पावडर, सॅनिटरी पॅड, टॉर्चचे सेल, जे काय लागेल ते इथेच घ्या. पुढे सेमाडोहला छोटी दुकानं आहेत पण हवं ते मिळेल असं धरून चालू नका.

घटांगनंतर रस्ता जंगलातून जातो, वळणं खूप. दुपारी तीनच्या आत परतवाडा सोडता आलं तर उत्तम, अंधारात या रस्त्यावर गाडी चालवायची नाही. गेटच्या आणि रस्त्याच्या वेळा बदलत असतात, खोलीवाल्याला आदल्या दिवशी विचारा. आणि घाटात माकडांना बिस्किटं टाकायला थांबू नका, लोकांनी खायला घालून घालून ती रस्त्यावर बसायला शिकलीत आणि मग गाड्यांखाली येतात.

५. बॅगेत काय

कपडे मातकट, हिरवे, खाकी. लाल-पांढरं नको, परफ्यूम तर नकोच. पायात बूट, सँडल नाही. डास चावू नये म्हणून मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, हा मलेरियाचा पट्टा आहे, हे हलक्यात घेऊ नका. टॉर्च माणशी एक. पॉवर बँक, कारण वीज जाते. मॅप आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. दुर्बीण मात्र हवीच, कॅमेरा नसला तरी चालेल, दुर्बिणीशिवाय इथे निम्मं जंगल दिसतच नाही. उसनी मिळाली तरी आणा. मीठ-साखरेची पाकिटं, पट्ट्या, नेहमीच्या गोळ्या. साधा दवाखाना सुद्धा अंतरावर आहे, हार्टचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलूनच निघा.

ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. प्लीज.

६. पोचल्यावर पहिली संध्याकाळ

पहिल्या संध्याकाळी काहीही करू नका. खरंच. रजिस्टरमध्ये नोंद केली, रात्रीचं जेवण किती माणसांचं ते सांगितलं (हे आल्या आल्या सांगा, किराणा लांबून येतो, आठ वाजता "काहीतरी बनवा ना भाऊ" म्हणून होत नाही), की व्हरांड्यात बसून रहा. उन्हं उतरली की नदीवर हालचाल सुरू होते. मोर येतात, सांबर पाण्याला उतरतं, कधी रानगव्यांचा कळप पलीकडच्या काठाला दिसतो, काळे ढिम्म अंग आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, दुरूनही ओळखू येतात.

आवाराबाहेर पायी जायचं असेल तर परवानगी असलेल्या भागातच आणि वनरक्षक किंवा गाइड सोबत असेल तरच. नदीत उतरून पोहायचं नाही, डोह किती खोल आहे ते वरून समजत नाही. रात्री खोलीतून बाहेर पडताना आधी टॉर्च मारून बघायचं, साप आणि विंचू दोन्ही आहेत, बूट घालण्याआधी झटकायचे. खाण्याचे डबे बाहेर ठेवायचे नाहीत.

७. सफारी: वाघ सोडून बाकी सगळं बघायला जा

हा मुद्दा जरा लांब लिहितो कारण निराश होऊन परतणारे सगळे इथेच अडकतात.

मेळघाट 1973-74 ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. वाघ आहेत आणि चांगले आहेत. पण हे ताडोबा नाही. ताडोब्याला सपाट जमीन, तळी, रस्त्यांचं जाळं, वाघाला गाड्यांची सवय. इथे डोंगर-दऱ्या, बांबू, गवत, आणि वाघाला तुमच्यात काडीचा इंटरेस्ट नाही. वाघ दिसला तर नशीब, नाही दिसला तर गाइडवर चिडायचं कारण नाही. "पैसे दिलेत, वाघ दाखवा" म्हणणाऱ्यांसोबत एका गाडीत बसायची वेळ आली की पूर्ण सकाळ वाया जाते, म्हणून जमलं तर गाडी आपल्याच माणसांची भरा.

मग बघायचं काय? सकाळी पहिल्या तासात रस्त्यावरच्या मऊ धुळीकडे बघा, रात्रभर कोण कोण गेलं ते तिथे असतं. वाघाचा पंजा, अस्वलाचा माणसासारखा लांबट पाय, साळिंदराचे काटे. गाइड कोरकू, म्हणजे इथल्या आदिवासी समाजातला, असेल तर त्याला गाडी थांबवून समजावून सांगायला लावा, ते न विचारता जास्त बोलत नाहीत, विचारलं की खुलतात. वानरांचा खर्‌र्‌ असा घाबरा आवाज किंवा सांबराचा ढाँक असा मोठा आवाज आला की इंजिन बंद करून बसा, दहा-पंधरा मिनिटं. बहुतेक लोक दोन मिनिटांत कंटाळतात.

रानकुत्रे, भेकर, अस्वल, शेकरू, बिबट्या, हे सगळं इथे आहे. पण मेळघाटचा खरा मानकरी माझ्या मते रानपिंगळा. हा छोटासा घुबडवर्गीय पक्षी, 1884 नंतर कुणाला दिसलाच नव्हता, संपला असंच धरलं होतं, आणि 1997 साली आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ परत सापडला. नंतर मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचं कळलं. तो दिवसाही जागा असतो आणि विरळ सागाच्या जंगलात निष्पर्ण फांदीवर बसतो, म्हणून दिसण्याची शक्यता बरी असते. गावाकडचा साधा पिंगळा आणि हा यात गल्लत होते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, छातीवर गडद तपकिरी पट्टा आणि खाली पोट पांढरं. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचा प्रकार काही फोटोवाले करतात, तो करू नका आणि गाइडला करू देऊ नका, पक्षी आपली जागा राखायला म्हणून येतो आणि त्याचा जीव उगाच दमतो.

नियम थोडक्यात: गाडीतून उतरायचं नाही, उभं राहून ओरडायचं नाही, कचरा परत आणायचा, सिगारेट अजिबात नाही. उन्हाळ्यात एका ठिणगीनं डोंगर पेटतो. मोबाईल-कॅमेऱ्याचे नियम गेटवर सांगतील तसे पाळा.

८. गावांमध्ये जाताना

सेमाडोह, हरिसाल आणि आजूबाजूची पाडेवजा गावं मुख्यतः कोरकू लोकांची. कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या कुळातलीच नाही, मुंडा कुळातली आहे, त्यामुळे "आपल्याला थोडंफार कळेल" असं होत नाही. इथे हिंदी जास्त चालते, मराठीचा हट्ट धरू नका. राम राम म्हणा, दादा-ताई म्हणा. फोटो विचारून. घरात, अंगणात न विचारता शिरायचं नाही. मुलांना गाडीतून चॉकलेटं फेकणारे पर्यटक बघितले की डोकं फिरतं.

होळीच्या दिवसांत गेलात तर रस्त्यात नाचत-गात फगवा (होळीची बक्षिसी) मागणारे लोक भेटतील, गाडी अडवली म्हणून घाबरू नका, सण आहे तो, हसून दहा-वीस रुपये द्या आणि पुढे जा. होळीनंतर काही गावांत मेघनाथाची जत्रा भरते, तारीख तिथेच विचारा. मोहाच्या दिवसांत पहाटे बाया टोपल्या घेऊन झाडाखाली फुलं वेचताना दिसतील, त्याच वेळेला अस्वलही त्याच फुलांसाठी येतं, म्हणून अशा झाडांकडे फोटोला पळू नका.

एक विषय जपून काढायचा. प्रकल्पाच्या आतली बोरी, कोहा, कुंड अशी गावं उठवून बाहेर वसवली गेली, नंतर वैराट, चुरणी, पस्तलाईसुद्धा. त्या जागी आता गवताळ कुरणं झालीत आणि चितळ-गवे चरतात, बघायला सुंदर आहे. पण तुमचा गाइड त्यातल्याच एखाद्या घरचा असू शकतो. तो सांगत असेल तर ऐका, आपण शहाणपण शिकवायचं नाही.

धारणीकडच्या आठवडी बाजाराचा वार विचारून घ्या, योग आला तर एक फेरी माराच.

९. एक दिवस चिखलदऱ्याला

कोलकासहून सकाळी लवकर निघून सेमाडोह-घटांगमार्गे चिखलदरा करता येतो. पॉइंटांची यादी मोठी आहे, सगळे करायला जाऊ नका. भीमकुंड बघा, भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं आणि इथे हात धुतले अशी गोष्ट सांगतात. पंचबोलला मुलांना ओरडू द्या, आवाज दऱ्यांमधून परत येतो. वैराटकडे रस्ता आणि परवानगी असेल तर सूर्यास्त तिथला घ्या, सुमारे 1178 मीटर उंचीवरची ही जागा. कॉफीची झाडं बघायची असतील तर विचारा, महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचंच नाव येतं. रबडी आणि खवा गवळ्यांच्या गावातला, तो खाल्ल्याशिवाय येऊ नका.

पण वेळ द्यायचा तर गाविलगडाला द्या. 1425 च्या सुमाराला बहामनी सुलतान अहमदशहानं बांधलेला, पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीत वाढवलेला, मग नागपूरकर भोसल्यांकडे. 1803 च्या नोव्हेंबरात अडगावची लढाई हरल्यावर भोसल्यांची फौज इथे येऊन बसली, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्यानं डोंगरातून तोफा ओढत उत्तरेकडे नेल्या, तट फोडला आणि 15 डिसेंबरला किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी भोसले आणि इंग्रजांमध्ये देवगावचा तह. दरवाज्यांवरची शिल्पं, तलाव, मशीद, तोफा, सगळं झाडीत विखुरलेलं आहे. किमान तीन तास धरा, पाणी सोबत न्या, एकटे फिरू नका कारण किल्ला व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतच येतो. तटाच्या कडेवर सेल्फी नको, दगड सुटे झालेत.

अंधार पडायच्या आत कोलकासला परत यायचं असेल तर दुपारीच चिखलदरा सोडावा लागतो, हे गणित मनात ठेवून दिवस लावा. नाहीतर शेवटची रात्र चिखलदऱ्यालाच काढा, तेच जास्त सोयीचं.

१०. परतताना

परतवाड्यापर्यंत आलात आणि हातात दोन-तीन तास असतील तर मुक्तागिरी करा. मध्य प्रदेशच्या हद्दीत आहे पण परतवाड्याहून जवळ, डोंगरउतारावर 52 जैन मंदिरं आणि मधून पडणारा धबधबा. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी खालूनच दर्शन घ्यावं. चप्पल-बूट काढून चढावं लागतं त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, पाय भाजतात, सकाळी नाहीतर पाचच्या पुढे. रात्रीची अमरावतीची ट्रेन असेल तर मुक्तागिरीहून निघताना निदान तीन तास हातात ठेवा, परतवाड्याच्या बाजारात ट्रॅफिक अडकतं.